दोन जबड्यांचा पंजा

उमरखेडला पुसद रस्त्यावर रहमत मिस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाइकाला आधी चहा मिळतो आणि मग एक प्रश्न विचारला जातो. चहा फर्मास असतो. प्रश्नाचा मला तेव्हा भारी राग आला होता. तो राग मी अजून विसरलेलो नाही, कारण त्याच्या भरातच मी खोटं बोललो.

आम्ही गेलो होतो ट्रॅक्टरच्या लोडरला पंजा घ्यायला. मी आणि बाबा. लोडर म्हणजे ट्रॅक्टरच्या तोंडाला बसवलेले दोन लोखंडी हात. आमच्या लोडरला पुढं माती उचलायची बकेट होती. मातीला, शेणखताला ती झकास, पण पऱ्हाटीपुढं तिची मात्रा चालेना. कापूस निघून गेल्यावर जी वाळकी झाडं उरतात, त्यांच्या ढिगात बकेट घातली की अख्खा ढीगच पुढं सरकायचा. उचलली तर निम्मी पऱ्हाटी दोन्ही बाजूंनी गळून पडायची. तिला खालून दात्यांनी उचलायला आणि वरून जबड्यानं दाबून धरायला पंजाच लागतो.

ते बोंडअळीचं वर्ष. बोंड वरून टवटवीत दिसायचं, आणि फोडलं की आत किडका कापूस आणि गुलाबी अळी. वेचणीला गेलेल्या बाया रिकाम्या ओट्या घेऊन परत यायच्या. कृषी खात्याची माणसं सांगून गेली, पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नका, अळी तिच्यातच मुक्काम करते. मग फुलसावंगीच्या आसपास सगळ्यांनी एकदमच पऱ्हाटी उपटली आणि धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे वावरांच्या बांधांवर, ढीग लागले. त्याच हिवाळ्यात उमरखेडच्या रस्त्याला पऱ्हाटीचा भुसा दाबून जळणाच्या कांड्या करणारा एक कारखाना सुरू झाला होता. वावरातून ढीग उचलून तिथं पोचवायचं काम मी धरलं. त्या वर्षी हाताला लागलेलं तेवढं एकच धड काम होतं, आणि मला ते सोडायचं नव्हतं.

सगळ्यात मोठे ढीग होते तांड्यावरच्या डोंगरसिंगचे. त्याला उन्हाळी भुईमूग पेरायचा होता. तो मला स्वच्छ म्हणाला, "धा दिवस थांबतो अमरभाऊ. अकराव्या दिवशी काडी लावतो." त्याचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडं पऱ्हाटीचं पूर्वीपासून तेच करतात.

तर मला घाई होती. घाई हा माझा जन्माचा आजार आहे. जेवताना घाई, बोलताना घाई, पेरणीला गावाच्या आधी दोन दिवस. बाबा नेमके उलटे. किसनराव म्हणजे गावात शांत माणसाचं नाव. एक गोष्ट बोलायच्या आधी ते चारदा गिळतात. त्या दिवशीही त्यांनी गिळली, आणि ते मी त्यांना माफ करू शकलेलो नाही. स्वतःला माफ करण्याचा तर प्रश्नच नाही.

रहमत मिस्त्री साठीचे, किडकिडीत, वेल्डिंगनं डोळ्यांत कायमची लाली चढलेली, कानावर खडू. त्यांनी आम्हाला आधी एक उघड्या दात्यांचा पंजा दाखवला. त्याला वरून जबडाच नव्हता, शेणखताचा होता तो. मग भिंतीशी उभा केलेला दुसरा. सहा फूट रुंद, खाली दाते, वर तेवढाच रुंद एक जबडा, लाल रंग मारून तयार. उसाचं पाचट उचलायला कोणीतरी बनवून घेतला होता आणि न्यायला आलाच नव्हता. मी पाहताक्षणी म्हणालो, "हाच द्या."

"थांबा नं जरा," मिस्त्री म्हणाले. त्यांनी कानावरचा खडू काढला आणि फरशीवर तिसरा पंजा काढून दाखवला. रुंदी तेवढीच, दातेही तेच, पण वरचा जबडा मधोमध कापून दोन केलेले आणि दोघांना मिटवायला वेगवेगळे जॅक. "पऱ्हाटीसाठी हा घ्या. मात्र टाइम लागन. दुसरा जॅक बाहेरून मागवा लागते. तीन हप्ते धरा."

"तीन हप्ते? तोवर राख होईन पऱ्हाटीची! अन् फरक काय दोघायत?"

मिस्त्रींनी वाद घातला नाही. फरशीवर एक वीट ठेवली, तिच्यापासून हातभर अंतरावर झाडू ठेवला आणि दोघांवर मिळून एक फळी टाकली. फळी विटेवर टेकली. मग त्यांनी फळीखालचा झाडू एका बोटानं ओढून काढला. तो अलगद निघाला.

"एकीकडं जाड आलं की सारा जबडा त्याच्यावर टेकते. दुसऱ्या अंगाले नुसती हवा. दोन जबडे असले तं जो तो आपापलं धरते."

"पऱ्हाटीत कायचं आलं जाड? काडीले काडी सारखी."

"ढीग धुऱ्यावर राह्यते नं? धुऱ्यावर बाभूळ बी राह्यते. लोक तोडलेलं खोड पऱ्हाटीच्या ढिगातच फेकते." आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "बरं, वर कोन राह्यते?"

"वर कुठं?"

"ट्रॉलीत. तुडवाले."

हे सांगायला हवं. पऱ्हाटी हलकी आणि आडमुठी. ट्रॉलीत टाकली की फुगून बसते आणि दोन पंजांतच ट्रॉली भरल्यासारखी दिसते. म्हणून एक माणूस वर उभं राहून तुडवत राहतं, खालून माल येत राहतो, आणि तुडवणारं माणूस मालासोबत वर वर चढत जातं. आमच्या भागात कापूसही असाच भरतात. तुडवल्याशिवाय गाडी भरत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आणि मिस्त्रींची एक रीत होती. मळणीयंत्र असो की कडबाकुट्टी, जे काही बनवतील त्याच्याजवळ रोज कोण उभं राहणार हे ते विचारायचे आणि त्या माणसाचं नाव खडूनं लोखंडावर लिहायचे. रंग लागेपर्यंत ते नाव तिथं राहायचं. समोरच एक कडबाकुट्टी अर्धवट होती, तिच्यावर 'लालीबाई' लिहिलेलं मला दिसत होतं. नाव डोळ्यांपुढं असलं की हात नीट चालतो, असं त्यांचं म्हणणं.

ते खडू घेऊन माझ्या उत्तराची वाट पाहत होते. आमच्याकडं तुडवणाऱ्या कौसल्यामावशीचं नाव मी सांगितलं असतं तर त्यांनी तो तयार पंजा मला दिलाच नसता. त्यांची तशी ख्यातीच होती, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल म्हणणारा माणूस.

"कोनी नाई," मी म्हणालो.

"कोनी नाई?"

"आमी पंजानंच दाबतो वरून."

मिस्त्रींनी बाबांकडं पाहिलं. बाबांच्या तोंडाला कप होता. चहा केव्हाच संपलेला. तरी ते रिकामा कप तोंडाला लावून बसून राहिले. कौसल्यामावशी आमच्या वावरात तीस वर्षं राबत होती. हे बाबांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

मिस्त्रींनी खडू परत कानावर ठेवला. "ठीक आहे. घेऊन जा."

त्या पंजावर कोणाचंच नाव पडलं नाही.

कौसल्यामावशी. तिच्याबद्दल दोन शब्द लिहायचे तर मला लाज वाटते, पण लिहितो. तिचं घर आमच्या गोठ्यासमोर, मध्ये फक्त बैलगाडीची वाट. नवरा लवकर गेला, एक मुलगी, निशिगंधा. पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा गावात तिच्यासारखा कोणी चालवत नसे. आणि तुडवण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी चार-पाच वर्षांचा असताना ती मला कापसाच्या गाडीत सोडायची. मी मधोमध उड्या मारायचो. ती खाली पाठमोरी उभी राहून दोर आवळत असायची, आणि नुसत्या आवाजावरून तिला कळायचं. मान न वळवता ओरडायची, "अमऱ्या, मधात कायले नाचतं? कडेनं तुडव! कड भरली तं गाडी भरते." माझी आई भित्री होती, ती मला गाडीत चढू देत नसे. मला उंचावर उभं राहायला कौसल्यामावशीनं शिकवलं.

पंजा आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खरोखरच वरून दाबून पाहिलं. आपण अगदीच खोटारडे नाही, हे स्वतःला पटवायला. मिटलेला पंजा ट्रॉलीतल्या पऱ्हाटीवर टेकवला आणि जोर दिला. ट्रॉलीच्या कडेचा लोखंडी पाइप वाकला. पंजा उचलला तशी पऱ्हाटी पुन्हा होती तेवढी फुगली. कौसल्यामावशी धुऱ्यावर सांडलेल्या काड्या गोळा करत होती. ती पदर तोंडाला लावून हसली.

"तुह्या पंजाले पाय नाईत रे अमऱ्या. सरक, मी चढतो."

साडीचा काचा खोवून, चाकावर पाय देऊन ती वर गेलीसुद्धा. वर जाऊन तिनं पंजाकडं पाहिलं. एवढं मोठं लोखंडी तोंड तिच्या डोक्यावर पहिल्यांदाच येणार होतं. तिनं विचारलं, "मिस्त्री काय म्हने? खाली मानूस असलं तं चालते नं?"

मी म्हणालो, "चालते."

पहिलं खोटं मी मिस्त्रींशी बोललो, दुसरं तिच्याशी. मिस्त्रींनी निदान माझ्याकडं संशयानं पाहिलं होतं. तिनं तेवढंही पाहिलं नाही. लगेच तुडवायला लागली.

आठवडा फार चांगला गेला. काय खोटं बोलू, मी खूश होतो. दिवसाला तीन तीन ट्रॉल्या निघत होत्या. कौसल्यामावशी वर, निशिगंधा खाली काड्या लोटायला, मी लोडरवर. पंजा वर गेला की मला ट्रॉलीतलं काही दिसायचं नाही. मग मावशी कडेला उभी राहून हात वर करायची, तो हात दिसला की मी जबडा उघडायचा, अशी आमची खूण ठरली होती. तिनं भरलेली ट्रॉली दुरून ओळखू यायची. चारी कडा सुतात, मध्ये किंचित उंचवटा. कारखान्यावरची माणसंसुद्धा विचारायची, कोणी भरली म्हणून.

नवव्या दिवशी डोंगरसिंगचा शेवटचा ढीग राहिला होता. सकाळचे अकरा वाजले असतील. मी पंजा ढिगात घातला, जबडा मिटायला लागला, आणि मध्येच अडला. उजव्या बाजूला जबडा आणि पऱ्हाटी यांच्यात वीतभर फट राहिली होती. मला ती दिसली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मला फट दिसली, फरशीवरची वीट आठवली, झाडू आठवला. पंजा खाली ठेवून पुन्हा धरायला अर्धं मिनिट लागलं असतं. शेवटचाच ढीग आहे, जाऊ दे, म्हणून मी उचलला.

पंजा ट्रॉलीच्या वर गेला. मावशीचा हात अजून वर झालेला नव्हता. मी जबडा उघडलाही नव्हता. उजव्या बाजूची सगळी पऱ्हाटी एकदम सरकली आणि कडेवर कोसळली. ती कडेलाच होती, कारण ती नेहमी कडेनंच तुडवायची. काड्यांचा तो लोट तिच्या खांद्यावर बसला आणि ती ट्रॉलीच्या पलीकडं धुऱ्यावरच्या दगडांत पाठीवर पडली. ती ओरडली नाही. निशिगंधा ओरडली.

मी उडी मारून पलीकडं धावलो. मावशी शुद्धीवर होती. आकाशाकडं पाहत होती. मला म्हणाली, "अमऱ्या, माह्ये पाय सरळ कर नं रे."

तिचे पाय सरळच होते.

इंजिन बंद करायला परत आलो तेव्हा पंजाच्या डाव्या बाजूला बाभळीचं मांडीएवढं खोड तसंच होतं. त्याला माझ्या पंजानं घट्ट धरून ठेवलं होतं.

यवतमाळला दवाखान्यात बारा दिवस काढले. मणका तुटला होता. डॉक्टरांनी निशिगंधाला बाजूला घेऊन सांगितलं, कमरेखाली आता काही परत यायचं नाही. मग आम्ही मावशीला घरी आणलं. रोज सकाळी निशिगंधा आणि माझी आई मिळून तिची खाट बाहेर कडुलिंबाखाली काढायच्या. तिथून आमचा गोठा, ट्रॅक्टर आणि गावाला लागून असलेलं आमचं खारीचं वावर सगळं दिसायचं.

ट्रॉलीवरून पाय सरकला, असं गावात सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो. पोलिसांनी विचारलं तेव्हाही तेच म्हणालो. आणि मला सगळ्यात जास्त कशानं मारलं असेल तर ते मावशीनं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती खाटेवरून सांगायची, "अमऱ्याचा काई दोष नाई हो. पऱ्हाटीचा काय भरवसा? त्या पोरानं दोन घास खाल्ले नाईत तवापासून." खरंच मला जेवण जात नव्हतं. पण तिला वाटत होतं ते दुःखानं. ते भीतीनं होतं. मला एकाच गोष्टीची भीती होती, मिस्त्रींनी विचारलेला प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर तिच्या कानावर जाईल याची. पाय तर मी घेतलेच होते. निदान तिचा अमऱ्या तरी तिच्यापाशी राहावा, असं मला वाटत होतं. खरं तर तो मला माझ्यासाठीच राहायला हवा होता.

आणि मग रहमत मिस्त्रींचे फोन यायला लागले. पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी तीन. मी उचलले नाहीत.

चौथ्या दिवशी ते स्वतःच आले. भाड्याचं छोटं मालाचं वाहन केलं होतं, मागं ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं. गोठ्यासमोर उतरले आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "फोन काहून उचलत नाई बाप्पा? म्हटलं, चला, आपनच जावं." त्यांनी ताडपत्री ओढली. खाली पंजा होता. दोन जबड्यांचा. अजून रंग न लावलेला, काळा.

"हा कोनी सांगितला?" मी कसंबसं विचारलं.

"कोनी नाई सांगितला. तुमी म्हटलं, वर कोनी राह्यत नाई. मी आयकून घेतलं, मानलं नाई. पऱ्हाटी तुडवल्याशिवाय बसते काय? तुमी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी जॅक मागवला. आता थो जुना मले वापस द्या अन् हा लावून घ्या."

त्यांना काही माहीत नव्हतं. उमरखेडपर्यंत ती बातमी गेलीच नव्हती. बाबा गोठ्यातून बाहेर आले, पंजा पाहिला आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मला मिस्त्रींना बाजूला नेऊन सगळं सांगायचं होतं. पण समोर लिंबाखालून आवाज आला, "थे मिस्त्रीच होय काय? मिस्त्री, मले दाखवा नं कसा चालते थो!"

मिस्त्री मायाळू माणूस. खाटेवर कोणी आजारी बाई आहे एवढंच त्यांनी पाहिलं. म्हणाले, "हो बाई, दाखवतो. काहून नाई?"

तासाभरात त्यांनी जुना पंजा काढून नवा बसवला, पाइप जोडले. मी नट आवळायचे पाने देत होतो. खारीच्या वावरात, तिच्या खाटेपासून वीसेक पावलांवर, आमच्या स्वतःच्या पऱ्हाटीचा ढीग होता. मिस्त्रींनी गोठ्याजवळचं एक जाड लाकूड आणून ढिगाच्या डाव्या अंगाला खुपसलं. मग स्वतः लोडरवर बसले. पंजा ढिगात गेला. डावा जबडा लाकडावर टेकला आणि थांबला. उजवा थांबला नाही. तो एकटाच खाली येत राहिला, पऱ्हाटी कडकडत दबली, आणि त्यानं ती आवळून धरली. मिस्त्रींनी पंजा पार वर नेला, दोनदा हिसका दिला. एक काडी खाली पडली नाही.

मावशी कोपरांवर रेटून अर्धवट उठली होती. ती हळूच म्हणाली, "एवढंच होतं?"

"हो बाई. एवढंच," मिस्त्री उतरत म्हणाले.

"अन् थे पांढरं काय लिवलं हाय त्याच्यावर?"

मिस्त्री जरा लाजले. "थे माही सवय आहे. जे मानूस जवळ राह्यते, त्याचं नाव लिवतो मी. आता हेच्या वर कोनी तरी राह्यते हे मालूम होतं, नाव मालूम नव्हतं. म्हनून नुसतं 'तुडवणारी' लिवलं. कोन आहे तुमच्यात? नाव सांगा, लिवून टाकतो."

निशिगंधा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती खाली बघायला लागली.

"मीच," मावशी म्हणाली.

मिस्त्रींनी तेव्हा तिच्याकडं नीट पाहिलं. चादरीखालच्या न हलणाऱ्या पायांकडं पाहिलं. खाटेला अडकवलेल्या लघवीच्या पिशवीकडं पाहिलं. मग ते हळूहळू जमिनीवरच बसले, माझ्या बाबांसारखा एखादा म्हातारा बसतो तसे.

मावशीचं डोकं मात्र चालू होतं. आयुष्यभर ती आवाजावरून ओळखत आली होती. तिनं विचारलं, "मंग पह्यल्यावर कोनाचं नाव होतं?"

मिस्त्री सांगू शकले असते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझं मला बोलू दिलं.

"कौसल्या..." बाबा म्हणाले आणि पुन्हा गिळलं.

मी म्हणालो, "कोनाचंच नव्हतं. मिस्त्रीनं इचारलं, वर कोन राह्यते. मी म्हटलं, कोनी नाई."

"अन् मी इचारलं तवा?"

"तवाबी खोटंच बोललो."

ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. मी शिव्यांसाठी तयार होतो, मला त्या हव्या होत्या. ती उशीवर परत आडवी झाली आणि तिनं मुलीला हाक मारली.

"निशी, खाट फिरव. भितीकडं तोंड कर माह्यं."

निशिगंधानं तांब्या खाली ठेवला आणि एकटीनंच खाट फिरवायला घेतली. खाट जड होती. मी पुढं झालो तेव्हा तिनं हातानंच मला थांबवलं. पायांकडून थोडी, डोक्याकडून थोडी, अशी ओढत ओढत तिनं ती फिरवली.

जाताना मिस्त्री वाहनापाशी थांबले. "मले त्या दिवशीच मालूम झालतं, अमरभाऊ. तुमच्या वडलांनी रिकामा कप खाली ठेवला नाई, तवाच. तरी देल्ला मी थो पंजा. म्हटलं, तीन हप्त्यात काय होते." त्यांनी कानावरचा खडू काढला, हातात धरून ठेवला. "आता वर कोन राह्यीन?"

"मी."

त्यांनी 'तुडवणारी'च्या खाली लिहिलं, अमर. वरचा शब्द पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खारीच्या वावरात ट्रॉली उभी केली. बाबा लोडरवर बसले. मी चाकावर पाय देऊन वर चढलो. पहिला पंजा आला, मग दुसरा, आणि मी मालासोबत वर वर चढत गेलो. ट्रॉलीच्या फळ्या पायाखाली गेल्यावर धरायला काहीच उरत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. आठ दिवस मावशी इथं उभी होती आणि मी खाली बसून तिच्या हाताची वाट पाहत होतो. पंजा डोक्यावर आला की बाबांचा चेहरा दिसेनासा व्हायचा.

लिंबाखाली खाट होती. तिची पाठ माझ्याकडं, तोंड भिंतीकडं. निशिगंधा वेणी घालत होती तिची.

मी मुद्दाम ट्रॉलीच्या मधोमध उभा राहिलो आणि जोरजोरानं पाय आपटायला लागलो. पऱ्हाटी कडाकडा मोडत होती, तो आवाज वीस पावलांवर जाणार नाही असं शक्यच नव्हतं. निशिगंधानंसुद्धा मान वर करून पाहिलं. मी आणखी जोरानं आपटले. एवढं तरी ती ओरडेल, असं मला वाटत होतं. मधात कायले नाचतं, एवढंच.

बाबांनी पुढचा पंजा वर आणला आणि माझा हात वर व्हायची वाट बघत थांबले. खाटेवरून आवाज आला नाही. मग मी कडेला गेलो.